खारातली काकडी आणि अमळनेरची थंडी

खान्देशात खारातली काकडी, म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवलेलं काकडीचं लोणचं, करायची असेल तर दिवाळी ते महाशिवरात्र एवढेच दिवस तिचे. मीठ-पाण्याचं प्रमाण कितीही नेमकं पाळा, वैशाखात इथल्या बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली असताना बरणी भरली तर काकडी आठवडाभरात गिळगिळीत होणार. पारा ४३-४४ ला टेकला की बरणीतल्या जिवांना घाई सुटते, आणि घाईत आंबलेली काकडी कुरकुरीत राहत नाही. म्हणून मी आधी हवेबद्दल बोलणार आहे. काकडी, शेपू, लसूण मागून.

हे लोणचं पोलंड, युक्रेन, रशिया, लिथुआनिया या पट्ट्यातलं. तिथे मळ्यातली काकडी जून ते ऑगस्टमध्ये येते आणि घरोघरी त्याच दिवसांत बरण्या भरल्या जातात. वॉर्सामधला जुलै सरासरी १९-२० अंशांचा असतो. आपल्याकडे जानेवारीत दुपारी ३० च्या आसपास आणि पहाटे ११-१२. दोन्हींचा मध्य काढला तर तोही विशीतच येतो. त्यांचा भर उन्हाळा आणि आपली भर थंडी, बरणीच्या हिशेबाने हा एकच ऋतू आहे. त्यांच्या पुस्तकात ‘उन्हाळ्यात करा’ असं लिहिलेलं असलं तरी आपण ते पौष-माघात करायचं.

मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझी भाची शिकायला पोलंडला गेली आणि तिथल्या बाजारातले काकड्यांचे पिंप बघून तिने मला फोटो पाठवायला सुरुवात केली. तिथे दोन प्रकार मिळतात. एक ‘मावोसोल्ने’, थोडेच दिवस मुरलेला, अजून हिरवागार आणि आतून कच्चा. दुसरा ‘किशोने’, आठवडे मुरून पुरता आंबट झालेला. सुट्टीत घरी आली की तिला भाकरीबरोबर तेच हवं असायचं. दुकानात मिळणारी परदेशी बाटली आणली तर ती तोंड वाकडं करायची, आणि तिचं बरोबर होतं. बाटलीतली काकडी बहुतेक वेळा व्हिनेगरमध्ये बुडवलेली असते. तिच्यातला आंबटपणा बाहेरून ओतलेला. खारातल्या काकडीत व्हिनेगरचा थेंब नसतो. तिथे आंबटपणा काकडीतूनच, मीठ आणि वेळ यांच्या जोरावर तयार होतो. चवीतला फरक पहिल्या घासाला कळतो: व्हिनेगर नाकात चढतं, खार जिभेवर पसरतो.

शेजारच्या जिजींनी पहिल्यांदा बरणी पाहिली तेव्हा विचारलं, “तेल नही, तिखं नही, मंग हाई लोनचं कसानं वं?” प्रश्न रास्त होता. आमचं गाव तेलाचं. १९४५ साली इथे वनस्पती तेलाचा जो कारखाना निघाला, त्याच वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सची पुढे विप्रो झाली. इथल्या माणसाला कैरीच्या फोडी तेलात बुडलेल्या दिसल्या की मगच लोणचं झाल्याचं समाधान वाटतं. मी जिजींना म्हटलं, “जिजी, तुम्ही कुरडयांचा गहू भिजवता ना, तेच हे.” मग त्या बरणीजवळ येऊन वास घेऊ लागल्या.

खरंच तेच आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढायचा, हे आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बुडबुडे दिसतात, तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. हा वास चांगला की वाईट हे माझ्या सासूबाई नुसतं झाकण उचलून सांगायच्या. ते नाक ज्यांच्याकडे आहे त्यांना खारातली काकडी शिकायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की कुरडईत आंबणं आवरायला आपण पाणी बदलतो. इथे पाणी बदलायचं नाही. इथे ते काम मीठ करतं.

काकडीच्या सालीवर मळ्यातूनच असंख्य जीवाणू आलेले असतात. त्यातले बरेच आपल्या उपयोगाचे नाहीत, काही सडवणारे आहेत. मीठ पाण्यात गेलं की सडवणाऱ्यांची वाढ खुंटते आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू मात्र तग धरतात. ते काकडीतली साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू काम करतात. ते कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून पहिल्या दिवसांत बुडबुडे जोरात येतात. आम्ल वाढलं की हे मागे पडतात आणि आम्ल जास्त सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम बरणीचा ताबा घेतो. २०२० मध्ये त्याचं नाव बदलून लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरम करण्यात आलं, पण माझ्या विद्यार्थ्यांना मी जुनंच नाव सांगते, ते तोंडात बसतं. शेवटी खाराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण साडेतीनच्या आसपास येऊन थांबतो. ४.६ च्या खाली बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जीवाणू वाढू शकत नाही. हा आकडा घरच्या लोणच्याला घाबरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएच कागद मिळतो. त्याची एक पट्टी खारात बुडवली की मनातली शंका मिटते.

आता मीठ. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश सांगते.

पाककृतीत ‘पाच टक्के मिठाचं पाणी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ. पण त्या पाण्यात आपण किलोभर काकडी घालतो, आणि काकडी म्हणजे ९५ टक्के पाणीच. दोन-तीन दिवसांत मीठ काकडीत शिरतं, काकडीचं पाणी बाहेर येतं आणि सगळीकडे सारखं प्रमाण होतं. ५० ग्रॅम मीठ आता दोन किलो ऐवजात वाटलं गेलं. पाच टक्के म्हणता म्हणता अडीचच उरले. बरणी घट्ट भरली, काकडी जास्त आणि पाणी कमी झालं, तर आणखी खाली. वॉर्साच्या गारव्यात हे चालून जातं. आपल्याकडे दुपारी घर तापतं तेव्हा मिठाचा आधार तोकडा पडतो.

म्हणून मी पाण्याचं नाही, एकूण वजनाचं मीठ काढते. काकडी आणि पाणी दोन्ही वजनकाट्यावर ठेवायचं, बेरीज करायची आणि तिचे तीन टक्के मीठ घ्यायचं. एक किलो काकडी, एक लिटर पाणी, ६० ग्रॅम मीठ. हे पौष-माघातलं प्रमाण. दिवाळीच्या आसपास किंवा शिवरात्रीजवळ ऊन तापायला लागलं की साडेतीन टक्के, म्हणजे ७० ग्रॅम. मीठ वाढलं की आंबणं संथ होतं आणि काकडी कडक राहते. कमी झालं की भराभर आंबते आणि मऊ पडते. मिठाच्या चमच्यावर विसंबू नका. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांच्या वजनात चांगलाच फरक असतो. साधा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा हे या लोणच्याचं सगळ्यात महत्त्वाचं भांडं आहे.

मी जाडं मीठ वापरते. आयोडीनच्या मिठाने आंबणं बंद पडतं असं बरेच जण सांगतात, पण तसं होत नाही. पाकिटातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून जे घातलेलं असतं त्याने खार थोडा गढूळ दिसतो, एवढंच. पाण्याचं मात्र बघावं लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि ते जीवाणू मारायलाच घातलेलं असतं. पाणी उकळून पूर्ण गार केलं की काम झालं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात म्हणून सगळे त्याला नावं ठेवतात. या लोणच्यात तेच पाणी थोडं कामी येतं, कारण त्यातलं कॅल्शियम काकडीच्या पेशींना धरून ठेवतं आणि ती कडक राहते.

काकडी गावरानच घ्या. आखूड, हिरवी, अंगावर बारीक काटे असलेली, बोटाने दाबली तर न दबणारी. लांबच्या लांब, गुळगुळीत, पातळ सालीची शेडनेटमधली काकडी कोशिंबिरीला छान, खारात ती टिकत नाही. वाळूकही नको, त्याचा गर मऊ. हाताच्या मधल्या बोटाएवढी कोवळी काकडी मिळाली तर उत्तम, बिया धरायच्या आतली. ठिबकवर पिकवणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, त्यामुळे थंडीतही काकडी मिळते, पण बाजारात येणारी मोठी असते. मी भाजीवाल्या ताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवते: “उद्या लहान लहान वेगळ्या काढा, भाव मोठीचाच देईन.” शेतकऱ्याला लहान काकडी तोडणं परवडत नाही, वजन भरत नाही म्हणून. म्हणून भावात घासाघीस करू नये.

आणि ताजेपणा. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत काकडी खारात गेली पाहिजे. उशीर झाला की ती आतून पोकळ पडते. बाहेरून दिसत नाही, पण चिरल्यावर मधे भोकं दिसतात. आणल्या आणल्या गार पाण्यात दोन तास बुडवून ठेवायची, मग हळुवार धुवायची, साबण-बिबण काही नाही.

एक गोष्ट आपल्या सवयीच्या उलटी आहे. आपण काकडीचा देठाकडचा तुकडा कापतो आणि तो घासून फेस काढतो, कारण कडूपणा देठाकडे जास्त असतो. खारातल्या काकडीत महत्त्वाचं टोक दुसरं, जिथे फूल होतं ते. त्या टोकाशी काकडी मऊ करणारी विकरं (एन्झाइम) असतात. ती लोणच्यात गेली की मीठ, पाणी, थंडी सगळं बरोबर असूनही काकडी नरम पडते. फुलाकडच्या टोकाची पातळशी चकती, दोन मिलिमीटर पुरे, कापून टाकायची. देठाकडून एक तुकडा चाखून बघायचा, कडू असेल तर ती काकडी बाजूला.

युरोपात बरणीत द्राक्षाची, ओकची किंवा चेरीची पानं घालतात. त्यातल्या टॅनिनमुळे काकडी कुरकुरीत राहते म्हणून. आपल्या अंगणात पेरू असतो, त्याच्याही पानात टॅनिन भरपूर. मी दोन-तीन जून पानं धुऊन तळाला टाकते. फुलाचं टोक नीट कापलेलं असेल तर पानांवाचून अडत नाही, पण मला त्यांचा किंचित तुरटपणा आवडतो.

शेपूवर मात्र मला मनापासून लिहायचं आहे.

आपल्याकडे शेपूचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष मूगडाळ घालून, लसणाची खरपूस फोडणी देऊन केलेली शेपूची भाजी दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर ताट चाटून खातो. दुसरा वासानेच उठून जातो. बाळंतिणीला मात्र दोन्ही पक्ष शेपू खाऊ घालतात आणि जेवणानंतर बाळंतशोप चघळायला देतात. हीच शेपू पोलंडपासून सायबेरियापर्यंत काकडीच्या बरणीत जाते. आपल्या देशी शेपूचा वास तिकडच्यापेक्षा थोडा उग्र आहे, त्यामुळे पानं जपून घालावी लागतात. पण तिकडे बरणीत मुख्यतः पानं घालतच नाहीत. घालतात ती फुलावर आलेली, बी धरायला लागलेली शेपू, दांड्यासकट. छत्रीसारखा पिवळा तुरा, त्यात हिरवी बी अर्धी भरलेली. त्या अवस्थेत पानाचा ओला वास आणि बियांचा जिऱ्या-ओव्यासारखा ऊबदार वास दोन्ही एकत्र असतात, आणि दांडा बरणीत आठवडे राहूनही लिबलिबीत होत नाही.

आपल्या बाजारात ही शेपू दिसत नाही. जुडी कोवळी असतानाच उपटली जाते, फुलावर आली की ‘जून झाली’ म्हणून ढोरांपुढे टाकतात. म्हणून मी गच्चीवर कुंडीत शेपू लावते. दसऱ्याला बी पेरलं की दिवाळीनंतर भाजीपुरती पानं खुडता येतात आणि थोडी झाडं तशीच सोडून द्यायची. डिसेंबर सरता सरता तुरे यायला लागतात. बियाण्यासाठी वेगळं काही लागत नाही, किराणा दुकानातली ताजी बाळंतशोप पेरली तरी बहुतेक वेळा उगवते. ज्यांना कुंडी जमत नाही त्यांनी जून शेपूचे दांडे आणि वर मोठा चमचाभर बाळंतशोप हलकीशी ठेचून घालावी. तुऱ्याच्या बऱ्याच जवळ जाणारी चव येते. एक किलो काकडीला मी चार-पाच तुरे घालते. घाबरत घाबरत एक काडी टाकू नका. या लोणच्याला शेपूचा वास नसेल तर ती नुसती आंबट काकडी राहते.

लसूण भरपूर, एक अख्खा गड्डा, पाकळ्या सोलून किंचित चेचलेल्या. काही दिवसांनी या पाकळ्या निळ्या-हिरव्या दिसू लागल्या तर दचकू नका. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं यांच्यात आम्लामुळे जी क्रिया होते तिचा तो रंग, खायला काही अपाय नाही. नंदुरबारची एखादी-दुसरी सुकी लाल मिरची, दहा-बारा काळे मिरे, चमचाभर मोहरी. हळद, हिंग, मेथी नको. मी एकदा म्हणून घालून बघा असंही सांगणार नाही, कारण हिंग शेपूला गिळून टाकतो.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची, रुंद तोंडाची, उकळत्या पाण्याने विसळून उन्हात वाळवलेली. धातूचं भांडं नको, मीठ आणि आम्ल दोन्ही धातूला खातात. तळाला पेरूची पानं, दोन तुरे, निम्मा लसूण. मग काकड्या उभ्या, एकमेकींना घट्ट टेकवून. मधे-वर उरलेला मसाला. मीठ विरघळवलेलं गार पाणी ओतायचं, काकड्या दोन बोटं बुडल्या पाहिजेत आणि तोंडाशी चार बोटं जागा रिकामी. वर केळीच्या पानाचा गोल तुकडा. जळगाव जिल्ह्यात राहून केळीचं पान न वापरणं मला पटत नाही, आणि ते खरंच उपयोगी पडतं: बारीकसारीक तरंगणारं सगळं खाली दाबून धरतं. त्यावर वजन. नदीतला गुळगुळीत काळा दगड उकळून घेतला तर उत्तम. चुनखडीचा दगड चालत नाही, आम्लात त्याचा बुडबुडा होतो आणि खाराचा आंबटपणा खातो. दगडावर दोन थेंब लिंबू पिळून फेस येतो का बघावं. काचेची छोटी वाटीही चालते. एकच नियम पक्का, काकडीचा कुठलाही भाग खाराच्या वर डोकावता कामा नये. हवेत उघडी राहिलेली काकडी हमखास बुरशी धरते.

झाकण सैल लावायचं. आत वायू तयार होतो, घट्ट फिरकीचं झाकण लावलं तर काच फुटू शकते. मी तोंडाला पांढऱ्या सुती फडक्याचा दादरा बांधते आणि वर झाकण नुसतं टेकवते. खाली परात, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खार उतू जातो.

बरणी ठेवायची कुठे, हा खान्देशात शेवटचा नाही तर पहिला प्रश्न आहे. ओट्यावर, गॅसजवळ, फ्रिजच्या मागे अजिबात नको. आमचं जुनं घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. पाण्याचा रांजण ज्या कोपऱ्यात असतो तिथे जानेवारीत भर दुपारीही २२-२३ अंश असतात. बरणी तिथेच. ज्यांची घरं सिमेंटच्या स्लॅबची आहेत त्यांनी परातीत दोन बोटं पाणी घ्यावं, बरणी त्यात उभी करावी आणि तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, त्याचं टोक पाण्यात राहील असं. आपली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना बरणीची उष्णता घेऊन जातं. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने. फेब्रुवारी अखेरीला या युक्तीने मी चांगली काकडी काढलेली आहे. मार्चपासून पुढे कुणाला राहवलंच नाही तर सरळ साडेतीन टक्के मिठात भरावी, दोन दिवस बाहेर ठेवावी, बुडबुडे दिसले की फ्रिजमध्ये. पूर्ण मुरलेली होणार नाही, भाचीची ती ‘मावोसोल्ने’ मात्र नक्की मिळते.

पुढचं काम बघण्याचं. पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी बरणीला कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खार दुधी होतो, इथे बरेच जण घाबरून फेकून देतात. फेकू नका. ते गढूळपण म्हणजे वाढलेले जीवाणू. पुढे ते तळाशी पांढऱ्या साक्यासारखे बसतात. काकडीचा झळझळीत हिरवा रंग उतरून ऑलिव्हसारखा पिवळट हिरवा होतो, कारण आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. वर्गात हीच क्रिया फळ्यावर लिहिताना मला बरणी शेजारी ठेवावीशी वाटते, आणि यंदा ठेवलीही. मुलांनी रंग रोज वहीत टिपला.

खारावर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय धरली तर ते यीस्ट आहे. चमच्याने काढून टाका, काठ पुसून घ्या. केसाळ, हिरवी, काळी, गुलाबी अशी काही वाढ दिसली तर ती बुरशी, पूर्ण बरणी टाकून द्यायची. वरवरचं काढून खायची काटकसर इथे करू नये. वासाचं तसंच. आंबट, लसणाचा, शेपूचा वास बरोबर. कुजका वास आला, काकडी बोटाला चिकट लागली, तर प्रश्नच नाही.

पौषात पाचव्या-सहाव्या दिवशी एक काकडी काढून मधून चिरून बघायची. कड अर्धपारदर्शक आणि मधे अजून पांढरी असेल तर ती अर्धी मुरली. भाचीला अशीच आवडते, जिजींनाही. पूर्ण मुरायला दोन-तीन आठवडे. आतून सगळीकडे काचेसारखी झाली, बुडबुडे थांबले, पट्टीने साडेतीनच्या आसपास दाखवलं की बरणी फ्रिजमध्ये. तिथे ती काही महिने सहज राहते, खाराखाली असली म्हणजे.

खायला कशाबरोबर? कळण्याच्या भाकरीबरोबर, ठेच्याच्या शेजारी. पण माझ्या मते तिची खरी जागा भरताच्या ताटात आहे. भरताची वांगी आणि ही काकडी एकाच ऋतूतली. शेतात पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल चांगलं सुटलेलं. त्या धुरकट, तेलकट, तिखट घासाला खारातल्या काकडीची एक गार, आंबट, करकरीत चकती जे करते ते लिंबाने होत नाही. जिजींनी पहिला तुकडा असाच भरताबरोबर खाल्ला. थोडा वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, “आंबट शे, पन चांगलं लागस.” त्यानंतर त्यांची वाटी दर थंडीत येते. रक्तदाब असलेल्यांनी मात्र हात राखून खावी. तीन टक्के मीठ म्हणजे शंभर ग्रॅम काकडीत तीन ग्रॅम, ते कमी नाही.

उरलेला खार ओतून देऊ नका. पोलंडमध्ये याच काकडीचं आणि खाराचं बटाटे घालून सूप करतात. मी त्याचा रस्सा करते. दोन बटाट्यांच्या फोडी तेलावर कांदा-लसणात परतायच्या आणि पाणी घालून पूर्ण शिजवायच्या. आम्लात बटाटा शिजत नाही, कडक राहतो, म्हणून काकडी आणि खार नंतरच. बटाटे मऊ झाले की दोन काकड्या किसून, वाटीभर खार घालून एकच उकळी आणायची. शेवटी ताजी शेपू चिरून आणि साईचा एक चमचा. चाखल्याशिवाय वरून मीठ घालायचं नाही, खारातलं पुरतं.